सुदर्शनाचे नातेवाईक

१२ नोव्हेंबर. वरची खोली रिकामी करायला घेतली आहे. पुढच्या महिन्यापासून तिथे रंगीत टीव्हीच्या शोरूममधला एक गृहस्थ राहायला येतोय आणि त्याला भिंतींवर डाग नकोत. डाग भरपूर आहेत, सगळे लाल. गेल्या महिन्यात वारलेले आमचे वरचे सर झाडांची मुळं ज्या औषधात रंगवायचे, त्याचे.

नात्यागोत्याच्या विषयात सरांइतका अधिकारी माणूस अख्ख्या इंदुरात नव्हता, आणि नातेवाईक नसण्यातही त्यांचा हात कुणी धरला नसता. लग्न केलं नाही, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होऊन छत्रीबागेत आमच्या माडीवर राहिले ते राहिलेच. भोपाळचा एक पुतण्या तेवढा. सामानाचं विचारायला त्याला फोन केला तर म्हणाला, "आप ही देख लो ना, काकी." पण कुठलं फूल कुणाची बहीण आणि कुणाची चुलतबहीण, हे मी ताट वर नेलं की सर जेवता जेवता सांगत. ते फुलाकडे बघून ठरवायचं नसतं, हा त्यांचा हट्ट. "चेहरा हा पुरावा नव्हे, वहिनी!" देवासहून माझी सख्खी बहीण आली तेव्हा दोघींना निरखून त्यांनी विचारलं, "सख्खी? कशावरून?" ती दोन दिवस माझ्यावरच फुगून होती.

त्यांचा पुरावा म्हणजे गुणसूत्रं. पेशीच्या पोटात दोऱ्याच्या तुकड्यांसारखी असतात ती, एक आईकडचं, एक बापाकडचं, अशा जोड्यांनी. सर मुळाचं कोवळं टोक तोडायचे, रंगवायचे, काचपट्टीवर अंगठ्यानं चिरडायचे आणि सूक्ष्मदर्शकात जे दिसेल ते काळ्या शाईनं कागदावर काढायचे. मग नखं कापायच्या कात्रीनं एकेक गुणसूत्र कापून, उंचीप्रमाणे जोड्या जुळवून, ओळीनं चिकटवायचे. दोन झाडांच्या अशा ओळी शेजारी ठेवल्या की नातं कळतं म्हणे. एवढं मन लावून जोड्या जुळवणारा माणूस शेगडीवरचं दूध मात्र रोज उतू घालवायचा.

शेवटची चार वर्षं त्यांना दोन सुदर्शनांनी, म्हणजे कांद्यावर वाढणाऱ्या फुलझाडांनी, धरून ठेवलं होतं. एक आमच्या मागच्या खान नदीच्या काठावरचा, दुसरा कापड मिलच्या बागेतला, चौकीदारानं कांदा उपटून दिलेला. दोघांची फुलं सारखीच पांढरी. नदीवाल्याला बी धरायचं, मिलवाल्याला कधीच नाही. असं का, आणि हे एकमेकांचे कोण, एवढं कळलं की मी मोकळा, असं म्हणायचे. नदीवाल्याच्या सगळ्या जोड्या लागल्या. मिलवाला हातात घेतला आणि मिल बंद पडली.

तुम्ही म्हणाल, मिलचा काय संबंध? पेशी सकाळी ठरावीक वेळीच दुणावतात आणि तेव्हाच गुणसूत्रं सुटी दिसतात. सर ती वेळ आठच्या भोंग्यावर धरायचे. घड्याळ होतं, पण भरवसा नव्हता. "त्याला चावी मी देतो, म्हणून ते माझंच ऐकतं. भोंगा कुणाचं ऐकत नाही." भोंगा थांबला त्या दिवशी सर चिमटा घेऊन ऊन तापेपर्यंत गच्चीत कुंड्यांपाशी उभे होते. मग जिन्यावरून विचारलं, "वहिनी, आज आठ वाजले नाहीत का?" खाली आमचे हे, मिलच्या विणकाम खात्यातले, ओट्यावर बसून होते. "यहाँ घर के वांदे हैं, आणि यांना कांद्याची पडलीय!"

मिल बंद पडल्यावर मी जेवणाचे डबे करून द्यायला लागले, त्यामुळे सकाळी पोळ्यांपाशी असायचेच. रेडिओवर आठ वाजले की पितळी थाळीवर लाटणं बडवायचं आणि ओरडायचं, "सर, भोंगा!" वरून उत्तर यायचं, "घेतलं!" गल्ली हसायची. एक फायदा असा झाला की दिवसभर लोळणारे हेही थाळी वाजली की उठून दाढी करायला लागले.

अखेर मिलवाल्याची ओळ लागली, आणि एक गुणसूत्र उरलं. जोडीच नाही. सरांना वाटलं, कापताना दुसरं कुठंतरी उडालं. आधी गादी झटकली, मग माझ्या केरसुणीवर संशय. "वहिनी, केर कुठे टाकला?" तांदळाच्या दाण्याएवढ्या कागदासाठी मी अख्खा केर सुपात पाखडला. भेटला नाही. मग रोज थाळी, रोज नवं मूळ, नवं चित्र. दर खेपेला तेच एक मागे उरायचं. पावसाळा संपता संपता एका सकाळी ते स्वतः खाली आले, जे कधी येत नसत. "हरवलं नव्हतं, वहिनी. मुळातच एकटं आहे ते. म्हणून बी धरत नाही. बाकी सगळं नदीवाल्याशी जुळतं. नातं जवळचं आहे." मी विचारलं, मग वंश कसा चालतो? "कांद्याला कांदा फुटतो ना. पण तो हातानं दुसरीकडे लावावा लागतो. आपण होऊन तो कुठे जाणार?" चहा न घेताच वर गेले. त्यानंतर पंधरवड्यात गेले.

भिंती घासल्या. काचपट्ट्या कॉलेजात पाठवायच्या म्हणून बांधल्या. चिकटवलेले कागद रद्दीत घातले नाहीत, ट्रंकेत ठेवले. कुंड्या तेवढ्या राहिल्या.

१३ नोव्हेंबर. आज सकाळी आठ वाजले तेव्हा हात थाळीकडे गेला. ती पुसून फळीवर ठेवली. गच्चीत जाऊन मिलवाल्याचा एक कांदा सोडवला, डब्यांच्या पिशवीत टाकला आणि वाटेत मिलच्या बंद फाटकाशी, भिंतीलगत लावला. चौकीदार तोच होता, पगाराविना बसलेला.

"बाईजी, अब यहाँ क्या लगा रई हो?"

"तुम्हारे सरजी का रिश्तेदार है," मी म्हटलं. "पानी देते रैना. ये अपने-आप नी फैलता."

त्यानं बादली आणली. मी हात धुतले आणि डबे द्यायला निघाले.