शेवग्याचा पाला आणि कुंदाबाईचं ताट

जळगावच्या एका डाळमिलमध्ये पंधरा बाया सुपं घेऊन तुरीची डाळ निवडत, आणि सगळ्यांच्या सुपांवर शेवटची नजर असे ती कुंदाबाईची. खडाच तिला बघून उठून जातो, असं बाया म्हणत. त्या जागेचा तिला भारी अभिमान.

पण चोपन्न सालच्या दिवाळीनंतर दुपार कलली की तिचे डोळे चुरचुरू लागले. महिन्याभरात तीन खडे निसटले. मालक झुंबरलाल शेठ भला माणूस, पण दाताखाली खडा आला की भलेपणालाही कळ लागते. "होळीपर्यंत बघू, बाई. नाही जमलं तर पोती शिवायला बसा," ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी कुंदाबाईनं दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी डोळे तपासले. "डोळे चांगले आहेत, दमलेत. मधूनमधून लांबच्या झाडाकडे बघत जा. आणि पपई खा, पालेभाजी खा. त्यातलं अ जीवनसत्त्व नजरेला लागतं. शेवग्याचा पाला मिळेल?"

मिळेल म्हणजे काय, शेवगा दारातच होता आणि पाला शेळी खात होती. त्या दिवसापासून शेळीचा घास कढईत आला. लसूण, शेंगदाण्याचं कूट घालून भाजी अशी झकास होई, की नवरा पितांबर, दोन्ही पोरं आणि सासू भागाबाई बोटं चाटत. कुंदाबाई रीतीप्रमाणे सगळ्यांच्या मागून जेवे. बाटलीतलं औषध असतं तर तिनं एकटीनं घेतलं असतं. भाजी एकटीनं कशी खायची? दीड महिन्यानंतरही डोळे चुरचुरतच होते. डॉक्टर खोटा, असं तिनं ठरवून टाकलं.

फरक पडला तो भागाबाईंना. दिवेलागणीला रोज तांब्याला ठेच खाणाऱ्या भागाबाई आता तांब्या चुकवून चालू लागल्या. अशाच एका तिन्हीसांजेला त्यांना चुलीशी बसलेली सून दिसली. भाकरीच्या तुकड्यानं ती कढई पुसत होती.

"कुंदा, कढईमा काय शे?"

"काही नई, आत्याबाई. वास शे."

पंधरा वर्षं सून त्याच कोपऱ्यात जेवत होती, आणि भागाबाईंनी तिच्या ताटाकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. "दवाई तुनी, आन् सारी आम्हीच खाई टाकी. उद्यापाईन पहिले तू जेवशी."

"लोक काय म्हनतीन?"

"लोकेस्नी डाळ कोन निवडस? तूच ना?"

कुंदाबाईला हसू आवरेना. दुसऱ्या दिवसापासून ती पहिली जेवू लागली, आणि हळूहळू डोळ्यांची चुरचूर थांबली.

होळीच्या आदल्या दिवशी शेठ आले. कुंदाबाईनं सूप एकदाच पाखडलं आणि डाळीच्याच रंगाचा एक खडा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. शेठनी तो चष्मा लावून पाहिला. "पोती दुसरं कोणी शिवेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं पहिलं ताट कुंदाबाईचं वाढलं. पितांबर आणि पोरं हात धुऊन वाट बघत बसली, आणि भागाबाई पळी घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. ताटात पोळीच्या शेजारी शेवग्याची भाजी होती, चांगली दोन पळ्या.