खरखर काढलेली दंडार

मोहाडीच्या तहसील कचेरीतले एक कारकून जेवणाच्या सुट्टीत माझ्या मोबाइलच्या दुकानात येतात. गाणी ऐकायला नव्हे, गाण्यांत त्रुटी काढायला. लोकांचे अर्ज परत करून करून कानांनाही तीच सवय लागलेली. जुनं गाणं नव्यानं निघालं की डोळे मिटून ऐकतात आणि निकाल देतात, "भाऊ, मळासंगं रंगही धुऊन टाकला ना!" त्यांच्या टेबलावरचा पंखा वर्षभर खडखडतोय, तो मात्र या कानांना ऐकू येत नाही.

परवा त्यांना गप्प करावं म्हणून मी त्यांच्याच गावच्या दंडारीच्या नाचगाण्यांची जुनी कॅसेट लावली. म्हणजे तिची पेन ड्राइव्हवरची नवी आवृत्ती. पाकिटावर 'खरखर शून्य' असं छापलेलं. छापलंय म्हणजे खरंच असणार!

"झांज कुठी गेली?" त्यांनी विचारलं.

"साहेब, कंपनीनं खरखर काढून टाकली."

"खरखर नव्हती ते. माह्या बाबाची झांज होती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीच्या पिशवीतून झांजांची जोडी काढली. "लाव," म्हणाले. मी लावलं. चार्जर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बघत राहिलं. कंपनीच्या हुशार यंत्रानं जे जे पुसलं होतं, ते ते हा माणूस अलगद परत भरत गेला. एकही ठोका चुकला नाही.

"आता झालं ना बरोबर?" मी विचारलं.

"नाही," झांजा पिशवीत ठेवत ते म्हणाले. "बाबा ठोक्याच्या जरासा मागून वाजवे."