बांगड्यांची टेप

३ डिसेंबर १९९४. काम: एका जीपचे स्पीकर तिसऱ्यांदा उघडणे.

वागळे इस्टेटच्या कडेला आमचा गाळा होता. गाड्यांत टेप आणि स्पीकर बसवायचे. डोंबिवलीहून आम्ही दोघं रोज यायचो. मी वायरिंग आणि गिऱ्हाईक सांभाळायचे, आवाज जुळवायचे ते ह्यांनी. तेवढ्यासाठी लोक कल्याणहून गाडी घेऊन येत.

ह्यांची पद्धत वेगळी होती. गाणं कसंही वाजलं तरी लोक माना डोलावतात, म्हणून गाण्यावर तपासायचं नाही. गाळा घेतला तेव्हाच आम्ही घरी एक कॅसेट भरली होती. माझ्या काचेच्या बांगड्या, काडेपेटीवर ओढलेली काडी, स्टोव्हची फुरफुर, मग मी मोजलेले आकडे, साठ ते सत्तर. हे ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसायचे. बांगड्या काचेच्या वाटल्या आणि ‘सदुसष्ट’मधला स शिट्टीसारखा आला नाही, की काम झालं.

जीप कोळीवाड्यातल्या एका मासळीवाल्याची होती. तो उतरतानाच म्हणाला, “वैनी, कानान सुई टोचते नुसती. बायको बसाला तयार नाय.”

महिन्याभरातली ही चौथी तक्रार. मी दाराचं पॅनेल काढलं. आत क्रॉसओव्हर, म्हणजे आवाजाची वाटणी करणारी पट्टी. जाड आवाज मोठ्या स्पीकरला, बारीक आवाज छोट्या स्पीकरला, म्हणजे ट्विटरला. ट्विटर ओरडू नये म्हणून त्याच्या वाटेत आम्ही एक रेझिस्टन्स घालायचो. तो ह्यांनी काढून टाकला होता. दुसऱ्या दारातलाही.

“अहो, हा का काढला?”

“अगं, मग बांगड्या दबतात.”

दबत नव्हत्या. माझ्या डोक्यात तेव्हा भात आला. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम ह्यांचं. वर्षभर भात करपत होता आणि मी लक्ष नाही म्हणून बोलत होते.

गाळ्याआधी अकरा वर्षं हे इथल्याच एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होते. कानात कापूस घालणाऱ्याला तिथे ‘नवरी’ म्हणत. ह्यांनी कधी घातला नाही.

मी दोन्ही मोठ्या स्पीकरच्या वायरी सोडवल्या, फक्त ट्विटर ठेवले. ह्यांना सीटवर बसवलं आणि टेप सुरू केली. बांगड्या किणकिणल्या, काडी फर्रकन ओढली गेली. हे डोळे मिटून बसले होते.

“लाव ना,” हे म्हणाले.

टेपवर स्टोव्ह फुरफुरायला लागला.

“अगं, लाव ना टेप. किती वेळ?”

मासळीवाला बाहेरून हसला. “अवो वाजतंय ना! मना भायेर आयकू येतंय.”

ह्यांनी डोळे उघडले. आधी टेपकडे पाहिलं, तिचा दिवा लागलेला होता. मग ट्विटरच्या जाळीला कान लावला. बराच वेळ लावला. मासळीवाला हसायचा थांबला.

“कधीपासून?” ह्यांनी मला विचारलं, जणू ते मला ठाऊक असणार.

“भात करपतोय तेव्हापासून,” मी म्हटलं.

रेझिस्टन्स ह्यांनीच परत जोडले. हात अगदी स्थिर होता, सोल्डरची झाळ नेहमीसारखी स्वच्छ. आवाज जुळवायला मात्र ते सीटवर बसले नाहीत. जीप तशीच ठेवून घेतली आणि मासळीवाल्याला रिक्षाने घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. गेलेलं परत येत नाही, एवढंच ते म्हणाले.

पण त्याआधी, दुसऱ्या दिवशी सकाळी, शटर मी उघडलं. झाळकामाचं टेबल दिव्याखाली ओढलं, ह्यांची खुर्ची तिथे लावली. मग जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसले, बांगड्यांची टेप लावली आणि डोळे मिटले.