वखारीतली झडती

कडक तंबाखूचा वास आला की निपाणीची वखार आठवते. कॉलेजच्या सुट्टीत मी तिथं कामाला असलेल्या आईची भाकरी घेऊन गेले होते. नाकातोंडाला फडकी बांधून बायका तंबाखू चाळत होत्या. एक तरुण विधवा फडकं खाली ओढून शेजारच्या म्हातारीला म्हणाली, "आक्का, मी उद्यापासनं येत न्हाय. सांजच्या झडतीत चोरलेली तंबाखू शोधायचं निमित्त करून मुकादम पोलक्यात हात घालतोय." चाळण्या थांबल्या. "तुझ्या बी? मला वाटलं, माझंच नशीब फुटकं," ती म्हातारी म्हणाली. "व्हय गं, माझ्या बी." हा आवाज माझ्या आईचा होता. त्या संध्याकाळी साऱ्याजणी झडती न देता हातात हात घालून फाटकातून बाहेर पडल्या. मुकादमाची पुढं यायची छाती झाली नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, सभांतूनही मी बोलते, पण 'कधीपासून?' हे आईला विचारायला अजून जीभ रेटत नाही.