फिर्मांनी गिळलेलं बोंझूर

चढ सुरू झाला आणि शवपेटीतून आवाज आला, "शेजारीणबाई, कुठवर आलो?"

"शाळा मागे पडली," मी हातातल्या फुलांत तोंड खुपसून पुटपुटले. "गप्प पडा आता. मेलायत तुम्ही."

"कॅमेरा कुठाय?"

"पुढे. मुलीबरोबर."

"मग बोलू द्या की दोन शब्द. पाठीला मुंग्या आल्यात."

पेटी हातगाडीवर होती आणि मी चाकाशेजारून चालत होते. पेटीवरच्या फुलांखाली हवेसाठी भोकं पाडलेली होती, त्यामुळे आमचं बोलणं व्हायचं. मागून अख्खं गाव काळ्या कपड्यांत, खाली मान घालून येत होतं.

फिर्मां देल्वाल आमचे शेजारी. जन्म कालव्याच्या दरवाज्यावरच्या घरातला, पुढे नोकरीही तिथेच. बोटी आल्या की दरवाजे उघडायचे, गेल्या की लावायचे. बायको गेल्यावर कबुतरं आणि वाफ्यातला कांदापात एवढाच संसार उरला. मी लग्न होऊन फ्रान्समधल्या या गावात आले, तेव्हा मला नमस्काराचं बोंझूर कसं म्हणायचं ते त्यांनीच शिकवलं. "शब्द सोपा आहे हो," ते म्हणाले होते, "पण तो सोडायचा नाही. कुणाच्या बोंझूरला उत्तर दिलं नाही, तर तुम्ही त्याला मेलेला समजलात."

आणि हीच चूक त्यांच्या हातून झाली. एका सकाळी बेकरीत धाकटा भाऊ आल्सीद दारातून आत आला, "बोंझूर, दादा" म्हणाला, आणि फिर्मांनी उत्तर दिलं नाही. नुकतीच दाढ काढलेली, तोंडात कापसाचा बोळा. त्यांनी मान हलवली. आल्सीदने ती मान पाहिली, पाव न घेताच परत गेला, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बोळ्याचं कळलं तेव्हा गावाने बैठक मारून विचार केला. निष्कर्ष असा निघाला, की मान हलवणं म्हणजे बोंझूर नव्हे. ज्याने दिलं नाही त्याने नंतर कितीही म्हटलं, तरी ते धरत नाहीत. ज्याचं उत्तराविना राहिलं, त्यानेच पुन्हा म्हणायला हवं. आणि आल्सीद कसला म्हणतोय! एकाचं कबुतर दुसऱ्याच्या खुराड्यात उतरलं, तर ते पोस्टवाल्या नादेजच्या पिशवीतून परत जायचं.

मग लीलहून क्लेमांसबाई आल्या, सिनेमा काढायला. बापाच्या मयतीला आलेली मुलगी घरापासून दफनभूमीपर्यंत दीड तास चालते आणि तिला रडू येत नाही, एवढीच गोष्ट. पण सगळं एका दमात टिपायचं. कॅमेरा एकदा सुरू झाला की दफनापर्यंत थांबायचा नाही. मधे कुणी चुकलं, तर पुन्हा घरापासून. मला मेलेल्या माणसाच्या शेजारणीचं काम मिळालं, म्हणजे मला वेगळं काही करायचंच नव्हतं. ओठ हलवत प्रार्थना करायची होती. नुसते कशाला हलवायचे, म्हणून मी रामरक्षा म्हणत होते.

क्लेमांसबाईंना पेटीत खरं वजन हवं होतं. रिकामी पेटी उचलली की खांदे खोटं बोलतात म्हणे. "कोण झोपेल?" त्यांनी विचारलं, तर फिर्मांनी हात वर केला. शेवटच्या उतरणीवर पेटी खांद्यावर घेणाऱ्या चौघांत आल्सीदचं नाव आधीच लागलेलं होतं.

"बोलत नाही ना माझ्याशी?" फिर्मां मला म्हणाले. "नको बोलू दे. उचलेल तर खरा!"

आल्सीदला हे कळलं, पण त्याने शब्द दिलेला होता आणि कोटाला इस्त्रीही करून ठेवली होती. तो माघार घेईना.

पहिल्या खेपेला सगळं सुरेख चाललं होतं. शाळेशी नादेज सायकलवरून गल्लीतून बाहेर आली. सिनेमाबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं. मयत दिसली म्हणून ती रीतीप्रमाणे उतरली आणि हळूच म्हणाली, "बोंझूर, मंडळी." मंडळी शिकवल्याप्रमाणे गप्प. पण पेटीतून स्वच्छ, अदबशीर आवाज आला, "बोंझूर, मादाम!"

क्लेमांसबाई रस्त्यातच बसल्या.

"अहो, बाई बोंझूर म्हणाली," पेटी म्हणाली. "तोंडातून निघतंच."

गावात फिर्मांना कुणीच दोष दिला नाही. बोंझूरला उत्तर न देणारी माणसं सिनेमात दाखवतात, याचंच सगळ्यांना वाईट वाटलं. शेवटी क्लेमांसबाईंनी सांगितलं, आता एकच खेप. उद्या कॅमेरा परत जायचाय. फिर्मांनी बायकोच्या तसबिरीला हात लावून शपथ घेतली, की कॅमेरा जवळ असताना काही झालं तरी तोंड उघडणार नाही. कुणीतरी सुचवलं, तोंडात रुमाल कोंबा. "नको," ते म्हणाले. "बोळ्याने एकदा घात केलाय."

ती ही दुसरी खेप. चढ संपला. चौघांनी पेटी खांद्यावर घेतली. आल्सीद माझ्या बाजूला होता, त्याचा कान पेटीला टेकलेला. आत फिर्मां जोरात श्वास घेत होते, आणि तो मुद्दाम लक्ष नसल्यासारखा समोरच्या क्रूसाकडे बघत होता.

खड्ड्याशी पेटी फळ्यांवर ठेवली. आता कॅमेरा अगदी वर आला, आवाज टिपणाऱ्याची काठी फुलांवर झुकली. उचलणाऱ्यांनी एकेकाने पेटीवर हात ठेवून, मनात येईल ते बोलून निरोप द्यायचा, असं ठरलेलं होतं. तिघे पुटपुटून बाजूला झाले. आल्सीदने टोपी काढली. मग वाकला आणि बेकरीत म्हणावं तसं खणखणीत म्हणाला, "बोंझूर, दादा."

भोकांवरची फुलं थरथरली. आत लाकडावर नखं घासल्याचा आवाज मी ऐकला. माझी रामरक्षा मधेच अडली. देवाकडे काही मागावं, तर काय मागायचं? सिनेमा, की हे दोघे भाऊ? काठी फुलांवर तशीच झुकलेली. आल्सीद गल्ल्यावर सुटे पैसे मिळायची वाट बघतात तसा वाट बघत राहिला. आतून काहीच आलं नाही. त्याने टोपी घातली आणि मागे झाला.

आणि जिला रडू येत नाही, ती सिनेमातली मुलगी हुंदके देऊन रडायला लागली.

"कट!" क्लेमांसबाई ओरडल्या आणि त्यांनी दिसेल त्याला मिठी मारायला सुरुवात केली. "काय माणूस आहे! मेलेल्याला बोंझूर! आणि ती शांतता! अशी शांतता मला लिहून सुचली नसती!"

झाकण निघालं तसे फिर्मां ताडकन उठून बसले. केसांत लाकडाचा भुसा, गाल ओले. "बोंझूर, आल्सीद! बोंझूर! बोंझूर रे!"

पण आल्सीद फाटकापर्यंत पोचला होता. मी मागे धावले.

"अहो, सिनेमा चालू होता! त्यांनी शपथ घेतली होती!"

"मला सिनेमातलं काही कळत नाही, मादाम," तो म्हणाला. "मी बोंझूर म्हटलं. त्याने दिलं नाही. एकदा झालं, आता दुसऱ्यांदा." आणि तो कबुतरांना दाणे टाकायला निघून गेला.

मी परत आले, तर कॉफी आली होती. आमच्याकडे मयतीनंतर देतात तसा साखरेचा केकही होता. गाव मुलीचं काम करणाऱ्या नटीला धीर देत होतं. फिर्मां मात्र पेटीतून उतरायला तयार नव्हते. त्यांना कॉफी तिथेच दिली होती, ती तशीच गार होत होती.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"काय म्हणाला?"

मी सांगितलं. मग त्यांनी माझी बाही धरली.

"शेजारीणबाई, तुम्ही देवाधर्माच्या. तुमच्यावर त्या बाईंचा विश्वास बसेल. त्यांना सांगा, नेमकं तेव्हाच मागे तुम्हाला हसू फुटलं. सगळं वाया गेलं म्हणावं, कॅमेरा एक दिवस ठेवून घ्या. आल्सीद शब्दाचा पक्का आहे, पेटी उचलायला येईल. आणि त्याचं तोंड एकदा उघडलंय, म्हणजे पुन्हाही उघडेल. या खेपेला मी देणार. सांगा ना, घरापासून पुन्हा घ्या म्हणावं. मी काय, आत बसलेलाच आहे."