गणपतीच्या सुट्टीत गेलेली मशीनं

“आई, सगळी मशीनं गेली. आता माझी नोकरीपण जाणार,” सून म्हणाली. गणपती करून आम्ही कोकणातून नुकतेच डोंबिवलीला पोचलो होतो. बॅगा अजून दारातच होत्या आणि ही लॅपटॉप उघडून बसलेली.

“चोर शिरला कुठून? कुलूप तर शाबूत होतं.”

“घरातली नाहीत हो. कंपनीची.”

ती माजिवड्याच्या एका कंपनीत आहे. मी चौथी शिकलेली. मला तिने सांगितलं होतं, एकाच मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात पुष्कळ कॉम्प्युटर मांडतात. त्यांना हात लावता येत नाही, पण प्रत्येकावर वेगळं काम चालतं. ते मांडायचे आणि मोडायचे, हे हिचं काम. रोज हाताने कोण करणार, म्हणून हिने प्रोग्रॅम लिहिला. आठवडाभर कोणी न उघडलेलं मशीन बेवारस समजून तो आपणहून पुसून टाकायचा. मला तेव्हाच ते पटलं नव्हतं. न विचारता वस्तू फेकणारी बाई मी घरकामाला कधी ठेवली नाही.

गणपतीला त्यांची सगळी टीम गावाला गेली. प्रोग्रॅमला गणपती ठाऊक नाही. त्याने सगळं साफ केलं. मशीनं पुन्हा कशी मांडायची ते लिहून ठेवलेलं, तेही त्यांतल्याच एकावर होतं.

फोनाफोनीत कळलं, आंबिवलीला राहणाऱ्या एका सहकाऱ्याचं मशीन शिल्लक आहे आणि त्यात त्या लिखाणाची नक्कल आहे.

“याचंच बरं राहिलं!” मी म्हटलं. “यानेच पुसली असतील. तुझी खुर्ची हवी असेल.”

“आई, स्पीकर चालू आहे!”

“असू दे. काय रे, तू का नाही गेलास गावाला?”

“सुतक आहे, काकू. चुलते गेले. यंदा गणपती आणला नाही. मग घरी बसून कामच करत होतो.”

“कशाने गेले?”

“नव्वदीला आलेले, काकू. आता माझ्यावर केस घालताय काय?”

सुनेने फोन ओढून घेतला. त्याच्या नकलेवरून दोघांनी सगळं पुन्हा मांडलं. साहेबांनी हिला पुष्कळ झापलं. प्रोग्रॅम आता पुसण्याआधी विचारतो म्हणे. विचारताना मी त्याला पाहिलेलं नाही.

त्या गणपतीत वाचलं ते सुतकातल्या माणसाचं एक मशीन आणि हिची नोकरी.