बोंबलांचा राखणदार

मुरुडच्या किनाऱ्यावर बांबूंवर वाळत घातलेले बोंबील तो राखायचा. मोबाइलला रेंज तिथेच, म्हणून उपचार करणाऱ्या मॅडमही व्हिडिओ कॉलवर तिथेच भेटायच्या. त्याला कानात माणसं बोलताना ऐकू यायची. एकदा त्या आवाजांचं ऐकून तो समुद्रात चालत गेला होता. होडीवाल्यांनी ओढून काढला.

"मॅडम म्हणतात, आवाज आला तर येऊ दे. हाकलू नको. श्वासाकडं बघ," असं मला सांगता सांगता त्याने कावळ्याला खडा मारला.

"मग कावळा का हाकलतोस?"

"कावळा बोंबील खातो. आवाज नुसता बोलतो."

"आत्ता बोलतोय?"

"व्हय. तुम्ही बोंबील चोराय आलाव म्हणतो."

त्याने लांब श्वास घेतला, सावकाश सोडला आणि बोंबलांच्या अगदी शेजारी माझ्यासाठी पोतं अंथरलं.

"बसा."